परिचारिकांची उमेदवारी आणि तिचें मोल

जें काम शिकतां शिकतां करावें लागतें आणि जें करतां करतांच शिकतां येतें, त्याचें मोल कोणीं कोणास द्यावयाचें, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या पूर्वजांनीं तो गुरुगृहाच्या व्यवस्थेनें सोडविला होता. शिष्यानें समिधा आणाव्या, गाई राखाव्या. गुरूनें त्यास अन्न, आसरा व विद्या द्यावी. या देवघेवींत पगार कोणता व दक्षिणा कोणती, याचा हिशेब कोणी मांडीत नसे. कारागिरांच्या घरींहि थोड्याफार फरकानें हीच रीत होती. परंतु जेथें गुरु म्हणजे एक व्यक्ति नसून शेंकडों खाटांचें रुग्णालय आहे, जेथें शिष्या रात्रपाळी करते, आणि जेथें तिचा हात आखडला तर रोग्याच्या घशाला वेळेवर पाणी मिळण्याची पंचाईत पडते, तेथें हा हिशेब मांडल्यावांचून भागत नाहीं.

शिकाऊ परिचारिकेस रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाच्या काळांत वेतन द्यावें कीं नाहीं, हा वाद गेलीं कांहीं वर्षें इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आदि देशांत हिरीरीनें चालला आहे. एक पक्ष म्हणतो, ती काम करते, सबब तिला दाम मिळाला पाहिजे. दुसरा म्हणतो, ती विद्यार्थिनी आहे; विद्यार्थ्याला शिकण्याबद्दल पैसे देण्याची चाल कोठें आहे? दोघांचेंहि म्हणणें वरवर पाहतां सयुक्तिक दिसतें. परंतु या प्रश्नाला सुमारें एकशें पासष्ट वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे प्रश्नाचें स्वरूपच पालटतें, असें आमचें मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत रुग्णशुश्रूषा हा प्रतिष्ठित स्त्रीचा व्यवसाय समजला जात नसे. डिकन्सनें ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींत (१८४३-४४) रंगविलेली मद्यासक्त सेरी गँप हें त्या काळच्या भाडोत्री शुश्रूषिकेचें अतिशयोक्त, परंतु लोकांस तत्काळ पटलेलें चित्र होय. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई अडतीस स्त्रियांचें पथक घेऊन क्रिमियाच्या युद्धांतील शिपायांच्या शुश्रूषेसाठीं स्कुटारीस गेल्या आणि हें चित्र बदलूं लागलें. त्यांच्या गौरवार्थ १८५५ सालीं एक निधि सुरू झाला व त्यांत सुमारें ४४,००० पौंड जमले. धनिकांच्या देणग्यांबरोबरच सैन्यांतील शिपायांनीं दिलेला एकेक दिवसाचा पगारहि त्यांत होता. हा तपशील लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढील सर्व विवेचनाचें मूळ तेथें आहे.

या निधींतूनच १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडींत पंधरा उमेदवार स्त्रिया होत्या. शिक्षण एक वर्षाचें. त्या काळांत राहण्याजेवणाची सोय, गणवेश, आणि शिवाय वर्षास दहा पौंड रोख, असा करार होता. उलटपक्षीं, शिक्षण संपल्यावर कांहीं वर्षें निधीची समिति सांगेल त्या रुग्णालयांत नोकरी करण्याचें बंधन होतें. मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्या देखरेखीखालीं प्रत्येक उमेदवाराच्या वक्तशीरपणाची, टापटिपीची व विश्वासूपणाची नोंद वहींत ठेवली जाई.

दहा पौंड ही रक्कम लहान खरी. पण तिच्यामागें दोन गोष्टी होत्या. पहिली ही, कीं कष्टकरी घरांतील सुशील मुलीला एक वर्ष बिनकमाईचें राहतां येणार नाहीं हें संस्थापकांस ठाऊक होतें, आणि अशा मुलीच त्यांना हव्या होत्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते दहा पौंड रुग्णालय देत नव्हतें. निधि देत होता. म्हणजे ज्यांनीं आजाऱ्याच्या उशाशीं शिकलेली, जाणती स्त्री असावी अशी इच्छा धरली, त्या लोकांनीं वर्गणी करून शिकणारीचा योगक्षेम चालविला होता. तिच्या श्रमांचा धनी व तिच्या अन्नाचा दाता हे दोन वेगळे होते.

हें चित्र निर्दोष होतें असें मात्र नाहीं. उमेदवार स्त्रिया वॉर्डांत सहायक परिचारिकांचें काम करीत व त्याचा लाभ रुग्णालयास होई. पुढें थोड्याच वर्षांत, आपला खर्च आपण सोसून शिकणाऱ्या खानदानी बायकांचाहि एक वर्ग शाळेंत आला. एकाच छताखालीं एकच विद्या शिकणाऱ्यांत पैसे घेणारी व पैसे देणारी असे दोन थर पडले, आणि मेट्रनच्या व अधीक्षकाच्या जागा बहुतकरून दुसऱ्या थराकडे गेल्या. ज्याला बिनपगारी शिकणें परवडतें त्याच्यासाठीं वरची वाट मोकळी राहते, हा धडा त्या शाळेच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच मिळाला होता.

निधि एकट्या सेंट टॉमसजवळ होता. अनुकरण मात्र सर्वांनीं केलें. इतर रुग्णालयांनीं शाळा काढल्या, पण उमेदवारांचा खर्च त्यांना स्वतःच्याच तिजोरींतून करावा लागे. आणि जो खर्च करतो तो वसुलीहि करूं पाहतो. शिकलेल्या परिचारिकेपेक्षां शिकणारी फार स्वस्त पडते, हें व्यवस्थापकांच्या लवकरच ध्यानांत आलें. शिक्षणाचा काळ एकाचा दोन व दोनाचा तीन वर्षें झाला. विद्या वाढली म्हणून तो वाढला हें अंशतः खरें. परंतु स्वस्त हात अधिक काळ मिळावे हाहि त्यांतला एक हेतु होता. लंडन हॉस्पिटलमध्यें दोन वर्षांचें शिक्षण पुरें होण्यापूर्वींच उमेदवारांना खासगी रोग्यांच्या घरीं पाठविलें जातें व त्यांची फी रुग्णालय घेतें, अशी तक्रार हाउस ऑफ लॉर्ड्सच्या चौकशी-समितीपुढें (१८९०-९२) आली होती. १९१९ च्या कायद्यानें इंग्लंडांत परिचारिकांची सरकारी नोंदवही सुरू झाली व त्या नांवाला प्रतिष्ठा आली. तरी शाळा रुग्णालयाच्या पोटांतच राहिली, आणि शिकणारी ही वॉर्डाच्या मनुष्यबळाचा एक भागच राहिली.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेहि येऊन पोहोंचला आहे. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानांत कधींच आल्या नाहींत, पण येथील आरोग्याचा प्रश्न त्यांनीं जन्मभर धरून ठेवला होता. दयाराम गिडुमल यांनीं लिहिलेल्या बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला (१८९२) त्यांचीच प्रस्तावना आहे. याच मलबारी-गिडुमल जोडीनें १९०८ सालीं मुंबईस सेवासदन काढलें. आणि १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदनाचें कार्य सुरू होऊन पुढें ससून रुग्णालयांत हिंदु स्त्रियांच्या परिचारिका-शिक्षणाची सोय झाली. आजाऱ्याची, आणि तीहि परक्या आजाऱ्याची, सेवा पत्करणें हें त्या वेळीं आपल्या पांढरपेशा समाजांत कमीपणाचें व विटाळाचें मानलें जाई. जी स्त्री हें सारें ओलांडून पुढें आली, ती बहुधा गरजेनें आली होती. सेवासदनांत येणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. अशा स्त्रीला पदरचें खाऊन तीन वर्षें शिका, असें सांगणें म्हणजे शिकूं नका असेंच सांगणें होय.

पुण्यांत वार लावून व माधुकरी मागून शिकलेल्या मुलांची परंपरा मोठी आहे. तें अन्न मजुरी नव्हतें, कारण त्याबद्दल मुलगा कोणाच्या घरचें पाणी भरीत नसे; आणि निव्वळ भीकहि नव्हती, कारण हा शिकला तर गांवाच्या उपयोगीं पडेल हा विचार देणाऱ्याच्या मनांत असे. ही सोय मुलांपुरती व बहुतांशीं एका जातीपुरती होती, हा तिचा दोष उघड आहे. परंतु मजुरी व भीक यांच्यामध्यें तिसरें कांहीं असूं शकतें, आणि तें म्हणजे समाजानें चालविलेला शिकणाऱ्याचा योगक्षेम, हें तत्त्व आपल्या ओळखीचें आहे. त्या तत्त्वाची गरज येथें किती होती हें एका आंकड्यावरून दिसेल: १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणें ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका होत्या सुमारें ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागें एक.

रुग्णालयानें पोसलेली विद्यार्थिनी खरोखर विद्यार्थिनी असते काय, हा संशय पद्धतशीर चौकशीनें पुढें मांडला गेला तो अमेरिकेंत. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्यानें झालेल्या चौकशीचा अहवाल जोसेफाइन गोल्डमार्क यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केला. त्या काळीं अमेरिकेंतील पुष्कळशा रुग्णालयांत शुश्रूषेचा भार मुख्यतः विद्यार्थिनींवरच असे. शिक्षण पुरें झालेल्या परिचारिका खासगी कामें शोधीत बाहेर पडत. रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचें शिक्षण यांत विरोध आला कीं शिक्षण मागें पडतें, हा अहवालाचा मथितार्थ होता. रोगी दारांत उभा असतां व्याख्यान कोण ऐकणार? म्हणून शाळेचा खर्च रुग्णालयाच्या हिशेबापासून वेगळा करावा, अशी सुधारकांची मागणी होती. त्याच वर्षीं येल विद्यापीठांत अशा स्वतंत्र पायावर परिचारिकांची शाळा निघाली.

येथें एक सूक्ष्म भेद करणें अवश्य आहे. गोल्डमार्कबाईंचा आक्षेप विद्यार्थिनीच्या हातांत चार पैसे पडतात यावर नव्हता. ज्याला तिच्या श्रमांची गरज आहे तोच तिच्या शिक्षणाचा मालक आहे, यावर होता. या भेदाची परीक्षा वीस वर्षांनीं झाली. दुसऱ्या महायुद्धांत परिचारिकांचा तुटवडा पडला तेव्हां अमेरिकेच्या काँग्रेसनें १९४३ सालीं कायदा करून ‘कॅडेट नर्स कोअर’ स्थापिली. शिक्षणशुल्क, पुस्तकें, गणवेश यांचा खर्च मध्यवर्ती सरकारनें उचलला, आणि शिवाय विद्यार्थिनीला दरमहा प्रथम १५ डॉलर, पुढें २० व शेवटच्या टप्प्यांत निदान ३० डॉलर मिळावे अशी व्यवस्था केली. वंश किंवा वर्ण यांवरून कोणास वगळूं नये, असें कलमहि त्यांत होतें. सुमारें १,२४,००० स्त्रिया या योजनेंतून शिकून बाहेर पडल्या. पैसे मिळाल्यानें त्यांचें विद्यार्थिपण भ्रष्ट झालें, असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

इंग्लंडांत सुधारणेची गाडी हळू चालली. १९४७ च्या वुड समितीनें उमेदवारांना खऱ्या अर्थानें विद्यार्थी मानावें, अशी शिफारस केली. दुसऱ्याच वर्षीं राष्ट्रीय आरोग्य-सेवा सुरू झाली, पण शिकाऊ परिचारिका पूर्वीप्रमाणेंच पगारी व वॉर्डाच्या गणतींतली राहिली. ‘प्रोजेक्ट २०००’ या नांवाची योजना १९८६ सालीं पुढें आली व १९८९ पासून अमलांत येऊं लागली, तेव्हां हें बदललें. शिक्षण महाविद्यालयांकडे गेलें. वॉर्डांत काम करतांना विद्यार्थिनी गणतीबाहेरची, म्हणजे ठरलेल्या मनुष्यबळाहून अधिकची, समजली जावी असें ठरलें. पगार गेला व त्याच्या जागीं सरकारी विद्यावेतन आलें. रक्कम पगाराहून कमी होती, पण ती सार्वजनिक तिजोरींतून येत होती. म्हणजे फिरून फिरून गाडी १८६० च्या तत्त्वापाशीं आली होती.

तेथें ती टिकली नाहीं. २०१५ सालीं इंग्लंडच्या अर्थमंत्र्यांनीं विद्यावेतन बंद करून त्याऐवजीं कर्ज देण्याचें जाहीर केलें, आणि २०१७ च्या ऑगस्टपासून तें अमलांत आलें. आतां विद्यार्थिनीनें वर्षाचें शुल्क (२०१७ सालीं तें ९,२५० पौंडांपर्यंत होतें) कर्जानें भरावयाचें आणि वॉर्डांतील काम पूर्वींइतकेंच करावयाचें. नियमाप्रमाणें अभ्यासक्रमाचे ४,६०० तास असतात व त्यांतले निम्मे, २,३००, प्रत्यक्ष कामाचे. अलीकडे त्यांतले कांहीं तास कृत्रिम प्रसंग उभे करून शिकवावयास मोकळीक दिली आहे. तरी आठवड्याचे साडेसदतीस तास धरले तर मूळ हिशेब एकसष्ट आठवड्यांचा होतो. त्या वर्षीं इंग्लंडांतील परिचारिका-शिक्षणासाठीं अर्ज करणारांची संख्या सुमारें २३ टक्क्यांनीं घटली. स्कॉटलंडनें विद्यावेतन बंद केलें नाहीं. उलट पुढें तें वर्षास १०,००० पौंड केलें. इंग्लंडलाहि २०२० पासून वर्षास निदान ५,००० पौंडांचें, परत न करावयाचें अनुदान सुरू करावें लागलें. शुल्क मात्र कायम राहिलें.

त्याच २०२० सालीं आलेल्या महामारीनें या वादावर एक विलक्षण प्रकाश टाकला. वसंतऋतूंत हजारों विद्यार्थिनींना पगारी उमेदवारीवर वॉर्डांत बोलावण्यांत आलें. कालपर्यंत जी गणतीबाहेरची होती ती आज गणतींत आली. कालपर्यंत जिचें काम म्हणजे शिक्षण होतें तिचें आज काम म्हणजे काम झालें. उन्हाळा सरतां सरतां ही व्यवस्था संपली आणि पुन्हां जुना नियम लागू झाला. त्या मुलींचे हात तेच होते. खाटेवरचा रोगी कूस बदलूं शकत नव्हता तो पूर्वींहि, मध्यंतरींहि आणि नंतरहि. शिक्षण व श्रम यांतील सीमारेषा मुलीच्या कामांत नसून सरकारच्या सोयींत आहे, असा तर्क त्या मुलींनीं केला असल्यास त्यांना दोष देतां येत नाहीं.

आतां विरुद्ध बाजूचे आक्षेप विचारांत घेतले पाहिजेत. पहिला असा, कीं शिक्षकांच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीहि शाळेंत पाठ देतात, त्यांना कोठें पगार मिळतो? याला उत्तर प्रमाणाचें आहे. पाठ देणाऱ्यास संध्याकाळीं शिकवणी करतां येते. बारा तासांची पाळी, तींतहि रात्रीची, करणारीला दुसऱ्या कमाईचा काळच उरत नाहीं. आणि त्या विद्यार्थ्यांवरहि जर हाच भार पडत असेल, तर एका अन्यायानें दुसऱ्याचें समर्थन होत नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. हजारों विद्यार्थिनींचा योगक्षेम चालविणें हें लहान काम नव्हे. परंतु न दिलेला पैसा नाहींसा होत नाहीं. तो कोणीतरी भरतोच. तो मुलीचा बाप भरतो, किंवा ती स्वतः सुट्टीच्या दिवशीं दुकानांत उभी राहून भरते, किंवा ती अर्ध्यावर शिक्षण सोडते व मग रोगी भरतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो इतिहासानेंच शिकविलेला आहे. पगार दिला कीं विद्यार्थिनी नोकर होईल, वॉर्डांत माणूस कमी पडलें कीं तिलाच पुढें केलें जाईल, आणि साठ वर्षें खटपट करून मिळविलेलें विद्यार्थिपण पुन्हां जाईल. ही भीति काल्पनिक नाहीं. इंग्लंडांत विद्यावेतन बंद झालें त्याच सुमारास, २०१७ पासून, नोकरी करीत पदवी मिळविण्याची उमेदवारी सुरू झाली आहे. तींत रुग्णालय पगार देतें. गरजू मुलीला ती वाट मोलाची आहे हें निर्विवाद; पण देणारा व राबविणारा तेथें पुन्हां एक झाला आहे, म्हणून त्या वाटेवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागेल.

परंतु हा आक्षेप वेतनाविरुद्ध नसून विशिष्ट दात्याविरुद्ध आहे, हें आतांपर्यंतच्या कथेवरून दिसून येईल. जेथें रुग्णालयानें पैसे दिले तेथें शिक्षण खंगलें. जेथें निधीनें किंवा राष्ट्रानें दिले तेथें तें निदान उभें राहूं शकलें. आणि जेथें कोणींच दिले नाहींत तेथें शिकणारीच कमी झाली. म्हणून ‘वेतन द्यावें कीं नाहीं’ या प्रश्नापेक्षां ‘तें कोणीं द्यावें’ हा प्रश्न पहिला आहे, असें आम्हांस वाटतें. ऑस्ट्रेलियाची वाटचाल या दृष्टीनें लक्ष देण्यासारखी आहे. तेथें १९८४ च्या निर्णयानुसार परिचारिका-शिक्षण रुग्णालयांतून काढून विद्यापीठांकडे देण्यांत आलें व १९९३ पर्यंत तें स्थित्यंतर पुरें झालें. नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठीं तेथें निदान ८०० तास प्रत्यक्ष काम करावें लागतें, आणि तें दीर्घकाळ बिनपगारी होतें. २०२५ च्या जुलैपासून मध्यवर्ती सरकारनें या काळासाठीं साप्ताहिक साह्य सुरू केलें आहे. घोषणेच्या वेळीं तें ३१९.५० डॉलर धरलें होतें. तें रुग्णालयाकडून मिळत नाहीं, सरकारच्या पैशांतून विद्यापीठांमार्फत मिळतें. तें सर्वांना नाहीं, उत्पन्नाची अट आहे, आणि रक्कम पगाराइतकी नाहीं, या उणिवा आहेतच. तरी दिशा योग्य आहे.

शिकाऊ परिचारिकेला कामाच्या काळांत निर्वाह चालेल इतकें द्यावें. तें वॉर्डाच्या हिशेबांतून न देतां सार्वजनिक तिजोरींतून द्यावें. आणि तें घेते म्हणून तिला वॉर्डाच्या गणतींत धरूं नये. या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिली एकटी असली तर स्वस्त मजूर तयार होतो. तिसरी एकटी असली तर केवळ सधनाची मुलगी शिकते. कोणत्या घरच्या मुली हें काम शिकूं शकतात यावर, आपण किंवा आपलीं माणसें अंथरुणाला खिळतील तेव्हां रात्रीं दोन वाजतां उशाशीं कोण येईल, आणि कोणी येईल कीं नाहीं, हें अवलंबून आहे. क्रिमियांतील शिपायांना हें समजावून सांगावें लागलें नव्हतें. त्यांनीं तें भोगलें होतें, आणि म्हणून एका दिवसाचा पगार काढून दिला होता.